पहिल्या नजरेची दुआ

“पण मुनाफनं तिथं मागितलं काय? तेवढं सांगा ना, बाबा!”

यासीन खोताचं मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जायचं विमान जुम्म्याला होतं. आदमबाबाकडं आला होता तयारी शिकायला. आणि विचारत होता काय, तर शेजाऱ्याचं.

मशिदीमागच्या आंब्याखाली बाबा बसलेला. तोंडात दात दोनच, तेही एकमेकांशी न बोलणारे.

“आधी तुझं दाखव,” बाबा म्हणाला.

गेल्या साली मुनाफ उमरा करून आला, तेव्हापासून यासीनच्या पोटात दुखत होतं. गावानं मुनाफला हार घातले. निकाहात पुढची खुर्ची मुनाफला. मुनाफनं आणलेला खजूर यासीननंही खाल्ला. गोड होता. तीच तर तक्रार.

यासीनचं अल्लाच्या घरचं बोलावणं मात्र दर साली हुकायचं. एकदा पाय मोडला, एकदा बायको आजारी पडली. यंदा कसं कोण जाणे, सगळं आपसूक जुळलं होतं.

त्यानं एहरामच्या बिनशिवणीच्या दोन चादरी गुंडाळल्या. एक कमरेला, एक खांद्यावर. मग धडाधडा म्हणून दाखवलं. नियत कुठं करायची, काब्याचे फेरे, सफा-मरवा टेकड्यांमधल्या खेपा, शेवटी डोकं भादरायचं. कुठं अडखळला नाही.

“मुनाफला येत होतं का एवढं?”

“छ्या!”

यासीन फुलला.

“बस इथं.” बाबानं खालची फांदी धरली आणि गदागदा हलवली. तांबड्या मुंग्या टपाटपा यासीनच्या अंगावर पडल्या.

त्यानं हात उगारला.

“अं हं! एहराम बांधलायस ना? जीव मारायचा नाही. भांडायचं नाही. शिवी तर नाहीच नाही.”

हात तसाच वर राहिला. मुंग्या मानेवर चढल्या... कानात शिरल्या... यासीन दातओठ खात बसला, पण एकीलाही हात लावला नाही.

बाबा मजेत बघत होता. मग हळूच म्हणाला, “मुनाफच्या पोरीचं ठरलं म्हणे. दुबईचा जावई.”

फाट्!

“मेली,” बाबा म्हणाला. “मुंगीला कुठली पोर होती रे?”

यासीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगीनं का मुनाफनं, त्याचं त्यालाच ठाऊक.

“जळतं, बाबा. तो नुसता जेवताना दिसला तरी जळतं. हे असं पोटात घेऊन अल्लाच्या दारात उभा राहिलो, तर कबूल होईल का माझा उमरा?”

“औषध आहे. पण फुकट नाही,” बाबा म्हणाला.

“मागा! अत्तर आणू?”

“काब्यावर पहिली नजर पडली की जी दुआ करतात, ती वाया जात नाही, म्हणतात ना?”

“म्हणतात.”

“ती दे मला.”

ती दुआ यासीननं कधीची घोटून ठेवली होती. मुनाफच्या होडीहून मोठी होडी.

“तुमच्यासाठी... काय मागू?”

“माझ्यासाठी कशाला? जो खुपतो त्याच्यासाठी माग. नाव घेऊन. त्याचं भलं.”

“मुनाफचं?” यासीन ताडकन उठला. खांद्यावरची चादर खाली. “पहिल्याच नजरेला? दुसरी घ्या, बाबा! तिसरी घ्या!”

“शिळं नको मला.”

“मुनाफकडनं घेतलीत का ही फी? तो तर जाताना नुसता हसत होता!”

“घेतली. तोही इथंच बसला होता. ह्याच फांदीखाली. त्यानंही एक मुंगी मारली.”

यासीन सगळं खाजवणं विसरला.

“मुनाफ जळतो? कुणावर?” त्यानं मनातल्या मनात सगळा मोहल्ला पालथा घातला. सरपंच? बर्फवाला? त्या नशीबवानाचाही त्याला लगोलग हेवा वाटायला लागला. “कोण आहे तो? सांगा ना! कुणासाठी मागितलं त्यानं? काय मागितलं?”

बाबानं त्याच्या मानेवरची एक जिवंत मुंगी बोटावर घेतली. तिला फांदीवर सोडलं. ती पानाआड जाईपर्यंत बघत बसला...

“यासीन, तुझं बोलावणं दर साली हुकायचं ना... यंदा कसं रे आलं?”