न फुटणारा फुगा

“चोवीस बारचा दाब दिला तरी फुटत नाही. आणखी काय हवं, चाचा?”

ऋजुता बर्वेने विचारलं. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की डॉक्टर तीत बारीक नळी सरकवतात. नळीच्या टोकाला इवलासा फुगा असतो. तो फुगला की वाट मोकळी होते. तसा फुगा ऋजुताने बनवला होता. इतका बळकट फुगा कारखान्यात आजवर निघाला नव्हता, आणि हे ती भेटेल त्याला सांगत होती.

शिकलगार चाचा चाचणीच्या खोलीचे प्रमुख. त्यांची सही झाल्याशिवाय फुगा बाहेर जात नसे.

त्यांनी फुगा कोमट पाण्यातल्या काचेच्या नळीत सरकवला आणि पंप फिरवू लागले. चोवीस. पंचवीस. सव्वीस...

टक्, असा आवाज झाला.

इतका दाब कुणी डॉक्टर देत नाही, असं ऋजुता म्हणाली. चाचांनी मान डोलावली. पण रक्तवाहिनीत चुन्याचा टोकदार खडा असला, तर तो दाब पाहून टोचत नाही, असं म्हणून त्यांनी फुग्याच्या नळीचं टोक तिच्या हातात दिलं.

“काढ बाहेर.”

फुगा मधोमध आडवा फाटला होता. पुढचा अर्धा भाग उलट्या छत्रीसारखा काचेत अडकला. ऋजुताने जोर लावला... तो तुटून आतच राहिला.

ती बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत होती. आपण काचेतून नाही, कुणाच्या तरी छातीतून नळी ओढतोय, असं तिला वाटलं.

चाचांनी सही केली नाही.

पुढचे सात आठवडे ती साच्यापाशी होती. ज्या प्लॅस्टिकच्या नळीपासून फुगा बनतो, ती फुगवण्याआधी लांबीत किती ताणायची यावर फुगा कसा फाटेल हे ठरतं; तो ताण ती पुन्हा पुन्हा बदलत राहिली. या दिवसांत तिने कुणाला काही सांगितलं नाही.

नवा फुगा एकविसालाच फुटला. पण उभा फाटला, शेंगेसारखा. चाचांनी दोन बोटांनी नळी ओढली. फुगा अख्खा बाहेर आला.

त्यांनी कागद पुढे ओढून सही केली.

ऋजुता घुटमळली. “पण चाचा... हा पहिल्यापेक्षा कमजोरच ना?”

चाचांनी पेनाला टोपण लावलं.

“पहिल्याला फुटता येत नव्हतं.”