कुरडयांची राखण

निवृत्त मामलेदार जहागीरदारांनी घरावर कॅमेरा बसवला, तो नेमका शेजारच्या कुमुदिनीकाकूंच्या अंगणावर रोखून. बायका काकूंकडे गप्पांना यायच्या बंद झाल्या. काकूंनी कॅमेरा वळवायला सांगितलं.

"तुमच्याच भल्यासाठी आहे. एकट्या राहता. अंगणात काय चाललंय ते मला टीव्हीवर दिसतं," जहागीरदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभ्या. "भाऊसाहेब, लेकीकडे जाऊन येते. अंगणात कुरडया वाळत घातल्यात. कावळे, शेळ्या आल्या तर तेवढं हाकला. तुम्हाला सगळं दिसतंच."

दिवसभर मामलेदार काठी घेऊन टीव्ही आणि अंगण यांच्यात धावत होते.

संध्याकाळी काकू परतल्या. "एकही कुरडई गेली नाही हो. आता उद्या पापड घालते."

पापड वाळत पडले, तेव्हा कॅमेरा जहागीरदारांच्याच फाटकाकडे बघत होता.