तापवलेलं इंजिन

बोटी माणसांशी बोलायच्या त्या काळी एका बंदरात समिंदरी नावाची म्हातारी ट्रॉलर बोट होती. गिऱ्हाईक मिळालं नाही, तर ती मोडून भंगारात जाणार होती.

मालन नावाची तरुण कोळीण बोट विकत घ्यायची म्हणून बघायला येणार होती. गार इंजिन लवकर सुरू होत नसे, म्हणून मालक रघू नाखव्याने पहाटेच ते तापवून ठेवलं. मालनसमोर बटण दाबताच ते धडधडलं. बंदरावरच्या वडीलधाऱ्यांना ही लबाडी ठाऊक होती, तरी नाखव्यासकट सगळे माना डोलवत म्हणाले, "घे पोरी, सोनं आहे सोनं!"

मालनने मायेने बोटीवर हात फिरवला. समिंदरीला वाटलं, गप्प बसावं, जीव वाचेल. पण ही पोर भर दर्यात अडकली तर?

"बाय, मला तापवलंय गं," ती म्हणाली. "उद्या ये, मी गार असताना."

"थोबाड बंद कर!" नाखवा खेकसला.

दुसऱ्या दिवशी समिंदरी खोकली, काळा धूर ओकली, पुन्हापुन्हा बंद पडली आणि एकदाची सुरू झाली.

"दुरुस्ती करून घेईन," मालन म्हणाली. "घेते मी हिला."

"मी म्हटलं नव्हतं, सोनं आहे म्हणून?" नाखवा हसला.

"तुम्ही गप्प बसा, काका. दर्यात मला हिच्यासोबत राहायचंय, तुमच्यासोबत नाही."