निजलेल्या भूमीचे दान

त्रेतायुगाच्या आरंभी, विंध्याद्रीच्या दक्षिण कुशीत, जिथे शुभ्रसलिला वेणुमती मोहवृक्षांच्या सावल्या अंगावर घेत वाहत असे, तिथे शबरांची वस्ती होती. त्यांचा कुळधर्म असा, की तीन वर्षे पिकवलेले रान पुढची बारा वर्षे विसाव्याला सोडायचे. आणि भूमी निजली असताना तिला ‘माझी’ म्हणायचे नाही.

कुळाची वृद्ध प्रमुख गुंजी हा धर्म प्राणापलीकडे जपे. म्हणूनच उग्रकेतू राजाच्या दूताने “ही भूमी कोणाची?” असे विचारले, तेव्हा ती सरळपणे म्हणाली, “सध्या कोणाचीच नाही, बाबा.”

तेवढे त्याला पुरले! आठव्या दिवशी शंखनाद झाला, तशी गुंजी दचकून कुटीबाहेर आली. सुवर्णझारी घेतलेला राजा, जटाधारी तृणपाद ऋषी आणि परशुधारी सैनिक समोर उभे. कोणाचेच नाही म्हणून ते सारे रान ऋषींना दान दिले जाणार होते. सूर्यास्तापूर्वी शबरांना हुसकून लावायचे होते.

“थांब राजा! ही भूमी आमची आहे,” गुंजी पुढे होत म्हणाली.

दूत खदखदून हसला. “काय गं म्हातारे, आठ दिवसांत जीभ फिरली?”

“जीभ नाही रे फिरली! भूमी निजली होती, म्हणून तिला ‘माझी’ म्हटले नाही. आता तुम्ही तिला उचलून न्यायला आलात, तरी बोलू नको? माझ्या सात पिढ्यांनी तिला उठवले, निजवले. तू नांगराची रेघ शोधलीस. चुलींचा धूर नाही दिसला तुला?”

“आमचा संकल्प झाला आहे!” राजा गर्जला. “मुनिवर, हस्त पुढे करा.” त्याने झारी कलंडली. उदक झारीच्या मुखाशीच थबकले, थेंबही गळेना.

तृणपादांनी हात झटकन मागे घेतला. “राजन्, जे तुझे नाही ते तू देऊ पाहिलेस! लेकुरवाळ्या भूमीला निपुत्रिक ठरवणाऱ्या तुझ्या वंशाला या वनात पाण्याचा थेंबही मिळणार नाही, हा माझा शाप!” मग ते गुंजीपुढे नतमस्तक झाले. “माते, न विचारता मीही घ्यायला निघालो होतो. मला तू शाप दे.”

गुंजी गोंधळली. शाप कसा देतात, हे तिला कुठे ठाऊक! “शाप नको बाबा. राहायचे तर राहा, पण आमच्यासारखे राहा.”

तेव्हापासून तृणपादांचे शिष्य एका स्थळी तीनच वर्षे अग्निहोत्र करतात. मग पर्णकुटी मोडून, शबरांना विचारून, पुढच्या जागी जातात. मागच्या भूमीविषयी कोणी पृच्छा केली, तर ते वेदज्ञ शबरांच्या वस्तीकडे बोट दाखवतात.