लिदियाच्या नावाची गोगलगाय

आल्प्स पर्वताच्या उतारावरील एका खेड्यात लोरेन्झ नावाचे शाळामास्तर राहत होते. त्यांची एकुलती एक मुलगी लिदिया सात वर्षांची असताना तापाने गेली. त्यानंतर शाळा सुटली की मास्तर एकटेच डोंगरात हिंडत आणि गोगलगाईंचे रिकामे शंख गोळा करत.

एकदा कड्याखाली त्यांना काही वेगळे शंख सापडले. तिथल्या नेहमीच्या शंखाच्या तोंडाची कड जाड आणि बाहेर वळलेली असे. यांची कड कागदासारखी पातळ होती. ही नवीच जात आहे, असे मास्तरांनी शहरातल्या विद्वानांना कळवले. त्यांनी ते मान्य केले. मास्तरांनी त्या जातीला लिदियाचे नाव दिले आणि ते मोठ्या ग्रंथात छापले गेले.

दहा वर्षे गेली. एका वसंतात मास्तरांना त्याच कड्याखाली तशाच पातळ कडेच्या जिवंत गोगलगाई मिळाल्या. त्यांनी त्या टोपलीत ठेवल्या, कोबीची पाने घालून वाढवल्या. उन्हाळा संपता संपता एकेका शंखाची कड जाड झाली आणि बाहेर वळली. ती नवी जात नव्हतीच. प्रत्येकाच्या कुंपणावर दिसणारी ती साधी गोगलगाय होती, फक्त पूर्ण वाढ न झालेली.

मास्तर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते विद्वानांना चूक कळवणारे पत्र लिहायला बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, उर्सुलाबाईंनी, दौत उचलून बाजूला ठेवली. टोपली मी रानात रिकामी करून येते, कोणाला काही कळणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला.

“ग्रंथातल्या त्या एका ओळीशिवाय आपल्या लिदियाचं या जगात काय उरलंय?”

मास्तरांनी दौत परत पुढे ओढली.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “ती तिच्या नावावर कशी राहू देऊ?”

पत्र गेले. उत्तर चार ओळींचे आले. नाव रद्द झाले होते. ज्यांनी मास्तरांचा सत्कार केला होता, तेच आता त्यांना हसले. उर्सुलाबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मग एका दुपारी त्या अंगणात मास्तरांशेजारी येऊन बसल्या. ढग गडगडले की लिदिया कशी आपल्या झग्याआड शिरायची, ते सांगू लागल्या. मास्तर ऐकत राहिले. दहा वर्षे त्या घरात फक्त शंखांबद्दल बोलणे झाले होते. मुलीबद्दल ते दोघे त्या दिवशी प्रथमच बोलले.

तात्पर्य: गेलेल्या माणसाच्या नावाचा मान राखायचा असेल, तर त्या नावाला खोट्याचा आधार देऊ नये, मग खरे सांगताना कितीही गमवावे लागो.