रंगशिळेवरची इंदुलेखा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या महालात स्फटिकाची रंगशिळा होती आणि दर पौर्णिमेच्या संध्याकाळी तिच्यावर जोडीजोडीने नाच चाले. कोणीही कोणाला विचारावे, मृदंगाच्या तालावर फेर धरावा, आणि ताल थांबला की जोडीदारणीला तिच्या जागेवर पोहोचवून मगच मागे फिरावे, अशी रीत होती. ती पाळायला ना शौर्य लागे, ना खजिना. राजाला तेवढेही जमले नाही, याचाच मला राग येतो.

त्या पौर्णिमेला त्याने अश्वपालाची कन्या इंदुलेखा हिला विचारले. विचारले कसले, मनगट धरून ओढलेच. नाचताना तो तिला खेचत होता, मोठमोठ्याने मात्रा मोजत होता, भर नाचात तिच्या पायांकडे बोट दाखवून तिला शिकवत होता. कोणी सांगितले होते त्याला? शेवटी त्याचाच जोडा तिच्या पावलावर पडला आणि दोघे अडखळले. तेव्हा हा वीर पुरुष साऱ्या दरबाराला ऐकू जाईल असे म्हणाला, "हिला पावले कळत नाहीत." आणि तिला शिळेच्या मधोमध सोडून चालता झाला. जोडा कोणाचा पडला हे सगळ्यांनी पाहिले होते. तरी दरबार हसला.

शिळा तमाल नावाच्या मांत्रिकाने मंतरलेली होती. तिच्यावर एकटे सोडलेले माणूस तिसऱ्या संध्याकाळी पुरते स्फटिक होई. इंदुलेखेची पावले गार पडली, मग पारदर्शक झाली. चूक राजाची, आणि दगड व्हायचे तिने! हा कुठला न्याय?

राजा दुष्ट नव्हता. त्याला आजवर कोणी नाही म्हटले नव्हते, एवढेच. तो घाबरला आणि रातोरात घोडा दौडवत तमालाच्या डोंगराच्या पायथ्याशी पोहोचला. तिथे मांत्रिक त्याची वाटच पाहत होता.

"तीन कामे कर," तमाल म्हणाला. "दोन इथे, तिसरे तुझ्या घरी."

पहिले काम असे, की तमालाची साळुंकी हातात धरून शिखरावर न्यायची. राजाने तिला घट्ट आवळले. साळुंकीने त्याचे बोट फोडले.

"हा हात आहे की सांडशी?" ती म्हणाली.

त्याने मूठ सैल सोडली, तर ती उडून पायथ्याशी जाऊन बसली. चार वेळा तो चढला, चार वेळा उतरला. पाचव्या वेळी, पक्ष्याचा श्वास तळहाताला जाणवेल एवढाच त्याचा हात मिटलेला होता. साळुंकी शिखरापर्यंत गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी एक आंधळी हरिणी तळ्याच्या अरुंद बांधावरून पलीकडे न्यायची होती. ओढायचे नाही, बोलायचे नाही. राजा भराभर चालला आणि हरिणी घसरली. "हिनेच पाय वाकडा टाकला," तो म्हणाला, आणि बांध गुडघाभर पाण्यात बुडाला. तो पुन्हा मागे आला, तेव्हा बांध पाण्याबाहेर निघाला. यावेळी त्याने हरिणीच्या पाठीवर हात ठेवला, ती पाऊल कधी उचलते ते पाहिले, आणि आपले पाऊल तिच्याबरोबर टाकले. दोघे कोरडे पार झाले.

"तिसऱ्या कामात राक्षस असेल तर सांग," राजा म्हणाला. "तलवार आणली आहे."

"राक्षस नाही," तमाल म्हणाला. "त्याच दरबारात, त्याच आवाजात, चूक कोणाची ते सांग."

राजाचा चेहरा उतरला. राक्षस चालला असता बिचाऱ्याला.

तिसऱ्या संध्याकाळी दरबार भरला. तमालही येऊन खांबापाशी उभा राहिला. स्फटिक इंदुलेखेच्या गळ्याशी पोहोचले होते.

राजा म्हणाला, "ताल माझा चुकला. जोडा माझा पडला. आणि हिला मी दोष दिला."

कोणी हसले नाही. स्फटिक तिच्या गळ्यावरून उतरले, कमरेवरून उतरले, घोट्यांशी येऊन थांबले. राजाने हात पुढे केला.

"मला नाचायचे नाही, महाराज."

"नाचायला नको. तुझ्या जागेपर्यंत सोबत येऊ दे."

तिने चार बोटे त्याच्या तळहातावर ठेवली. अकरा पावले, तिच्या चालीने. अकराव्या पावलाला तिचे घोटे मोकळे झाले. पण ती जागेवर बसली नाही. ती तमालाकडे वळली.

"चूक ह्यांची होती. मग दगड मी का झाले?"

"शंभर वर्षांत हे कोणी विचारले नव्हते," तमाल म्हणाला.

"मी विचारते आहे."

मांत्रिकाची मान खाली गेली. तो शिळेपाशी वाकला आणि आपला मंत्र उलटा फिरवून गेला.

पुढच्या पौर्णिमेला राजाने तिला विनयाने विचारले. ती म्हणाली, "आज नाही." राजा वाकून बाजूला झाला. तो सेनापतीच्या वृद्ध मावशीबरोबर नाचला आणि बरा नाचला. ताल थांबला, प्रधानाने हाक मारली, राजा अर्धे पाऊल तिकडे वळला. त्याच क्षणी त्याच्या पायाचा अंगठा गार पडला. तो मुकाट्याने परत फिरला आणि म्हातारीला हात दिला.

इंदुलेखेने ते पाहिले आणि ती खुर्चीत आरामात टेकून बसली. तिला तिची जागा मिळाली, तशी तुम्हा-आम्हालाही आपापली मिळो.