बुधवारचं घर

एकदा एक राजवैद्य बारा वर्षांनी आपल्या जुन्या गावी परत आला. खांद्यावर जरीकाठी शेला, सोबत दोन घोडी, आणि एका घोडीवर पैशांच्या थैल्या. गावाला वाटलं, कुणी जहागीरदार वाट चुकला. पण हा वाट चुकून आलेला नव्हता, देणी फेडायला आला होता. राजानं त्याच्यासाठी नवी पाठशाळा बांधली होती आणि ती दसऱ्याला सुरू व्हायची होती. ज्यांच्या जिवावर आपण शिकलो त्या सगळ्यांचं ऋण फेडल्याखेरीज तिथल्या आसनावर बसायचं नाही, असा संकल्प त्यानं सोडला होता. संकल्प चांगलाच होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

याच गावातल्या वृद्ध शास्त्रीबुवांच्या पाठशाळेत तो पाच वर्षं शिकला. घरात अन्न नसलेला मुलगा त्या काळी शिकायचा कसा, हे आज फोड करून सांगावं लागतं. शिक्षण म्हटलं की आपल्याला फीचा तक्ता, कर्जाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि जामीनदाराची सही एवढंच डोळ्यांपुढे येतं. तेव्हा वार लावत. गावातली सात घरं सात वार वाटून घेत. मुलगा सोमवारी एका घरी जेवे, मंगळवारी दुसऱ्या. अर्ज नाही, दाखला नाही. पुढच्या विद्येसाठी काशीला जायचं तर मात्र रोकड लागे, ती एखादा व्यापारी व्याजानं देई. म्हणजे मदत तेव्हाही होती आणि कर्ज तेव्हाही होतं, फक्त त्यांच्या कचेऱ्या आणि खिडक्या नव्हत्या.

राजवैद्य आधी त्या व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्यानं मुद्दल आणि व्याज मोजून घेतलं, कर्जखत आणून त्याच्यासमोर फाडलं आणि वर विडा दिला. मग तो सातही घरं फिरला. एका घरच्या म्हातारीला तो काही केल्या आठवेना, कारण तिच्याकडे आजवर चाळीसेक पोरं जेवून गेली होती. एकानं थैली देवापुढे ठेवली. एकानं ती घेतली नाही, उलट मुलीच्या लग्नाला यायचं वचन घेतलं. असं सगळं यथासांग झालं आणि तिसऱ्या प्रहरी तो हलक्या मनानं शास्त्रीबुवांच्या पाया पडायला गेला.

शास्त्रीबुवा आता पंच्याऐंशीचे होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "बुधवारी कुणाकडे गेला होतास?"

"सराफांकडे, गुरुजी."

म्हातारा उठला. आत गेला, सुपात ज्वारी घेऊन आला आणि त्याच्यापुढे ठेवून म्हणाला, "एवढी निवड."

राजवैद्याला मनातून हसू आलं. गुरुजी परीक्षा बघताहेत, विद्वानाला अहंकार तर झाला नाही ना ते पाहताहेत, असं त्याला वाटलं. हा प्रसंग आपल्या शिष्यांना कसा सांगायचा, हेसुद्धा त्यानं मनात जुळवून टाकलं. शेला बाजूला ठेवून तो निवडायला बसला आणि घटकाभरात सूप पुढे केलं. शास्त्रीबुवांनी ज्वारीवरून तळवा फिरवला, एक खडा काढून दाखवला आणि पुन्हा निवडायला सांगितलं. दुसऱ्या वेळी आणखी एक निघाला. तिसऱ्या वेळीही निघाला. अंगणातली उन्हं भिंतीवर चढली, पाठीला रग लागली, आणि राजवैद्याचा धीर सुटला.

"गुरुजी, रोगी खोळंबले आहेत माझे. हे काम माझं नव्हे, एखाद्या बाईचं आहे."

"बाईचंच आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "तुझा बुधवार आधी सगुणाकाकूंकडे होता. आठवतं का?"

मग त्याला आठवलं. शेवटच्या गल्लीतलं एका खोलीचं घर. त्या घरात एकटी राहणारी, लोकांची दळणं दळून पोट भरणारी विधवा. तिला डोळ्यांनी नीट दिसत नसे, म्हणून तिच्या भाकरीत हटकून खडा लागे. तीन वर्षं त्यानं तो मुकाट्यानं सोसला. एका बुधवारी दाढ कळवळली, तेव्हा खडा तोंडातून काढून त्यानं पानाच्या कडेला ठेवला, अर्ध्या जेवणावरून उठला आणि तडक येऊन गुरुजींना म्हणाला की माझा बुधवार बदला. शास्त्रीबुवांनी तो सराफांकडे लावून दिला आणि पुन्हा त्या गल्लीत दिसू नकोस असं बजावलं. गुरुजी रागावले असतील, असं समजून त्यानं ते पाळलं. हळूहळू ती गल्ली आणि ती बाई, दोन्ही मनातून गेली.

"मी रागानं नव्हतं सांगितलं," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी तिच्याशी खोटं बोललो होतो. तू तिची भाकरी टाकून गेलास, हे मला सांगवेना. पोर काशीला गेलं, असं म्हणालो. तिनं गल्लीत गूळ वाटला. मग दर बुधवारी इथं पायरीवर येऊन बसायची. काशीत थंडी फार म्हणतात, पोराच्या अंगावर घोंगडी तरी आहे का, असं विचारायची. मी उत्तरं रचून द्यायचो. आणि तू दोन गल्ल्या पलीकडे तूपपोळी खात होतास. चार महिन्यांनी ती दळण पोचवायला सराफांकडे गेली आणि ओसरीत पानावर बसलेला तू तिला दिसलास. डोळे अधू होते, पण तुला ओळखू नये इतके नव्हते."

राजवैद्याचा हात सुपातच राहिला.

"तशीच माझ्याकडे आली. मला वाटलं, आता रडेल, मला बोल लावेल. मी त्या लायकीचा होतो. पण तिनं एवढंच विचारलं, 'शास्त्रीबुवा, त्याला खडा लागला होता का? लागला असेल तर सांगा. दुसरं पोर पाठवा, त्याला नीट निवडून घालीन.' आणि त्या दिवसापासून शेजारच्या मुलीला मूठभर पीठ देऊन ती बुधवारची ज्वारी निवडून घ्यायची. ती मूठ तिच्याच पोटातली जायची. गेल्या माघात ती वारली. तू राजवैद्य झाल्याचं मी तिला सांगितलं होतं. तेव्हा म्हणाली, 'तीन वर्षं तर माझ्याकडे जेवला.'"

राजवैद्य रडला. तिशी उलटलेला माणूस, राजाची नाडी धरणारा, पण लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर त्यानं विचारलं की तिचं कुणी आहे का, कुणाला काही देता येईल का. कुणी नव्हतं.

"व्यापाऱ्यानं तुला शिल्लक होतं त्यातलं दिलं, मोजून दिलं," शास्त्रीबुवा म्हणाले. "मोजून दिलेलं मोजून परत करता येतं. तिनं पोटाला चिमटा घेऊन दिलं, आणि वर चूक स्वतःकडे घेतली. ते फिटायचं नाही, बाळ. तुझ्याकडूनही नाही, माझ्याकडूनही नाही. उद्या बुधवार आहे. पाठशाळेतल्या एका मुलाचा बुधवार माघापासून रिकामा आहे. विचारलं की म्हणतो, उपास आहे."

त्या संध्याकाळी राजवैद्यानं सूप परत मांडीवर ओढलं आणि दिसेनासं होईपर्यंत निवडत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटच्या गल्लीतलं ते घर उघडून झाडलं, जात्यावर स्वतः दळलं आणि चूल पेटवली. काशीत असताना हातानं करून खायची सवय होती, पण भाकरी थापायची सवय मोडली होती. पहिली करपली, दुसरी फाटली, तिसरी बरी जमली. दुपारी मुलगा आला. बारा-तेरा वर्षांचा, मानेची हाडं दिसणारा. खाली मान घालून तो जेवला, दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागायला लाजला, तेव्हा राजवैद्यानंच ती त्याच्या पानात वाढली.

"खडा लागला का रे?" त्यानं विचारलं.

"नाही हो, काका. अगदी मऊ आहे भाकरी."

मुलानं आपलं पान उचललं, हात धुतले, नमस्कार केला आणि धड्याची वेळ झाली म्हणून पळाला. राजवैद्य उष्ट्या जागेला शेण लावायला खाली वाकला. पान होतं त्या जागी दोन बारीक खडे होते. मुलानं ते पानाखाली सरकवून ठेवले होते, वाढणाऱ्याला दिसू नयेत म्हणून. ते त्यानं तळहातावर घेतले. सगुणाकाकूंकडच्या त्या बुधवारी त्यालाही एवढंच करता आलं असतं.

आपल्या शिक्षणाच्या कागदांवर बँकेचं नाव असतं, शिष्यवृत्तीचं असतं, जामीनदाराचंही असतं. बुधवारच्या घराचं नसतं. ते आपलं आपण आठवायचं, आणि होता होईल तो त्या घराचा माघ यायच्या आत.